मिलिंद, मी जोरात येत होतो

मिलिंद,

तू गेलास त्याला आज सोळा दिवस झाले. इतके दिवस लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलतायत आणि मी मान हलवतोय. परवाच्या पुण्यानुमोदनाला तर तुझ्या डेपोतले चार ड्रायव्हर एकामागून एक उठून बोलले. शांत माणूस, सरळ माणूस, कधी कोणावर आवाज चढवला नाही. मी मागच्या खुर्चीवर बसून मनात म्हणत होतो, अरे, यांना कोणीतरी सांगा रे! ह्या शांत माणसाने गेल्याच महिन्यात डोंबिवलीत भर दुपारी एकामागून एक गाड्या फोडल्या आणि कॉलेजची पोरं खुर्च्यांवर उभी राहून 'काका, काका' ओरडत होती!

मला पण माईक दिलेला. मी नको म्हटलं. आपलं भांडण अर्धं राहिलंय, ते हॉलमध्ये कसं मांडणार? म्हणून हे लिहितोय. वहिनी म्हणाल्या, लिहा भाऊजी, तेवढंच मोकळं वाटेल. वाटेल की नाही माहीत नाही. पण एक गोष्ट तुला सांगायची राहिलीय आणि ती सांगण्याआधी सगळं पहिल्यापासून आठवल्याशिवाय मला जमणार नाही.

गेल्या वर्षी तुझ्या लेकीची, प्रज्ञाची नोकरी पुण्याला गेली. घोडबंदरचं भाड्याचं घर सोडताना तिने गेमचा तो काळा डबा आणि दोन रिमोट तुझ्या कल्याणच्या घरी आणून ठेवले. तू तेव्हा रिटायर होऊन दीड वर्ष झालेलं. रोज दुपारी चालत चालत विठ्ठलवाडीला माझ्या गॅरेजवर यायचास, बाकड्यावर बसायचास, मी पत्रा ठोकत असायचो आणि तू बघत असायचास. त्या दिवशी आलास तो बसलाच नाहीस. म्हणालास, "हरेश, हातोडी ठेव. घरी चल. तुला एक गंमत दाखवतो."

"कसली गंमत?"

"तुझ्या धंद्यातलीच आहे."

घरी येऊन टीव्ही लावलास. आणि मिलिंद, खरं सांगतो, पस्तीस वर्षं मी ठोकलेल्या गाड्या सरळ करतोय, पण गाडी ठोकताना, म्हणजे नेमकी त्या क्षणाला पत्र्याचं काय होतं, ते मी कधीच बघितलेलं नव्हतं. माझ्याकडे गाडी येते ती सगळं होऊन गेल्यावर. आणि इथे समोर पडद्यावर वीस जुनाट गाड्या चिखलातून सुटल्या, पहिल्याच वळणाला एकमेकांवर गेल्या, आणि एका पिवळ्या गाडीचं बोनेट मधोमध उंच दुमडलं. जसं खऱ्या गाडीचं दुमडतं तसंच!

"थांब! थांब! मागे घे!" मी ओरडलो. वहिनी स्वयंपाकघरातून धावत आल्या, त्यांना वाटलं मला काही झालं.

मग आपण तो तुकडा हळू चालवून दहा वेळा बघितला. मी टीव्हीला नाक लावून उभा. "हे बघ, बंपर आधी आत गेला. आता मडगार्ड. आता बघ, दरवाजा आता बंद राहणार नाही, कारण पुढचा खांब मागे सरकलाय." आणि पुढच्या फेरीत त्या गाडीचा दरवाजा खरंच लटकत राहिला. मी टाळी वाजवली. ज्याने कोणी हा गेम बनवला त्याने कधी ना कधी पत्रा हाताने दाबून बघितला असणार, असं मी तुला म्हटलं. तू हसलास. म्हणालास, "म्हणजे खरं आहे?"

"शंभर टक्के खरं आहे," मी म्हटलं.

ते वाक्य मी इतक्या सहज बोललो. पुढे काय होणार ते तेव्हा कुठे ठाऊक होतं.

आपण त्याला ठोकाठोकी म्हणायचो. गॅरेजला जेवणाची सुट्टी झाली की मी तुझ्याकडे. वहिनी डोक्याला हात लावायच्या. दोन म्हातारे, दोन रिमोट, आणि घरात इंजिनांचा कल्ला. आणि तू कसा खेळायचास! अरे, लोक ज्या गेममध्ये गाड्या फोडायला येतात त्यात तू डाव्या बाजूने चालवायचास. मागून कोणी जोरात आला की बाजूला होऊन त्याला जाऊ द्यायचास. पहिल्याच दिवशी मला विचारलंस, "यात इंडिकेटर कुठे आहे?" मी हसून हसून सोफ्यावरून खाली. तुझी गाडी सगळ्यांत शेवटी यायची आणि तिच्यावर एक ओरखडा नसायचा. सुट्टीत आलेली प्रज्ञा म्हणाली, "पप्पा, ह्या गेममध्ये असा रेकॉर्ड आख्ख्या जगात कोणाचा नसेल."

पण त्यात दुसरा एक प्रकार होता. गोल मैदान, चारी बाजूंनी भिंत, मध्ये सगळ्या गाड्या सोडायच्या आणि शेवटी जी चालू राहील ती जिंकली. तिथे तुझं काही चालेना. कारण एक मिनिटभर कोणाला ठोकलं नाही तर गेम तुम्हाला बाहेर काढतो. तू सगळ्यांना चुकवत, गल्लीतून काढावी तशी गाडी काढायचास आणि मिनिट संपलं की बाद.

"ठोक ना रे!" मी ओरडायचो.

"होत नाही."

"अरे खोट्या गाड्या आहेत."

"हात जात नाही हरेश. मी काय करू?"

मग मी तुला माझ्या धंद्यातली गोष्ट सांगितली. पुढे रेडिएटर असतो, तो फुटला की इंजिन गेलं. म्हणून पुढून कधी मारायचं नाही. मागे डिकी आहे, मोकळी जागा आहे, ती कितीही चेपली तरी गाडी चालते. रिव्हर्स घे आणि मागून मार. हे ऐकल्यावर तुझे डोळे चमकले. रिव्हर्स! घोडबंदरच्या जाममध्ये, अरुंद स्टॉपवर, डेपोच्या गेटात, तू आयुष्यभर बस मागे घेत आलेलास. समोर बघून ठोकायला तुझा हात जात नव्हता, पण मागे घेताना धक्का लागला तर तो काय, लागला!

त्या दुपारी तू रिव्हर्समध्ये सहा गाड्या बंद पाडल्यास. सहा! सातवीला भिंतीशी दाबलंस तेव्हा तू चक्क शिट्टी मारलीस. तीस वर्षांची आपली ओळख, तुझ्या स्कूटरच्या मडगार्डपासूनची. तुला शिट्टी मारता येते हे मला त्या दिवशी कळलं.

आता ती गोष्ट. लोकांसमोर ती कोणी काढली नाही आणि बरंच झालं.

तुझ्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात घोडबंदरवर एक पोरगा बाईक घेऊन डावीकडून तुझ्या बसच्या पुढे घुसला. त्याला डिव्हायडरच्या पुढच्या कटमधून उजवीकडे वळायचं होतं. तू ब्रेक मारलास. बस थांबेपर्यंत त्याचा पाय चाकाखाली गेलेला. पोरगा वाचला, पायात सळ्या बसल्या. चौकशी झाली, तुझी चूक नाही असं लिहून आलं. सगळ्यांनी तुला सांगितलं, तुझी चूक नाही. मीपण सांगितलं. तू दुसऱ्या दिवशी डेपोत आतलं काम मागून घेतलंस आणि त्यानंतर स्टेअरिंगला हात लावला नाहीस. स्कूटर भाच्याला देऊन टाकलीस. म्हणून तर रोज चालत यायचास गॅरेजवर. मी कधी विचारलं नाही, तू कधी बोलला नाहीस.

आणि एका दुपारी मी आलो तेव्हा तू एकटाच खेळत होतास. मैदान नाही, शर्यत नाही, नुसता एक रिकामा लांब रस्ता. आणि तू बस घेतलेली. मी शेजारी बसलो. तू माझ्याकडे न बघता दुसरा रिमोट पुढे केलास.

"बाईक नाही यात. ती छोटी लाल गाडी घे. तू डावीकडून ये. त्या दिव्याच्या दुसऱ्या खांबाशी मला कापायचं. मध्यम स्पीड. मी सांगतो तेव्हा."

मला समजलं. मी गाडी घेतली. तू म्हणालास "ये," आणि मी आलो, अगदी तू सांगितलंस तसा. तू ब्रेक मारून बस थोडी उजवीकडे ओढलीस. आणि मी निघालो, मिलिंद. माझ्या गाडीच्या मागच्या कोपऱ्याला बसचा जरासा ओरखडा गेला आणि मी पलीकडे गेलो.

पहिल्याच वेळी.

मी तुझ्याकडे बघितलं. तुझं तोंड पांढरं पडलेलं. रिमोट मांडीवर ठेवलास. "निघाला," तू म्हणालास. "निघाला असता रे तो."

रिमोट पुन्हा उचललास आणि म्हणालास, "परत."

आणि आता ते सांगतो जे तुला सांगितलं नाही.

दुसऱ्या वेळेपासून मी जोरात आलो. तू मध्यम म्हणायचास, मी बटण पूर्ण दाबायचो. तू दुसरा खांब म्हणायचास, मी अर्धा खांब पुढे जाऊन कापायचो, म्हणजे तुला जागाच उरायला नको. धडाम. परत. धडाम. तू ब्रेक आधी मारून बघितलास, धडाम. तू सरळ उजवीकडे काढलीस, बस आडवी झाली, तरी तिची शेपटी माझ्यावर आली. तू मोजत होतास. चाळीसला थांबलास. सोफ्याला पाठ टेकलीस आणि छताकडे बघत म्हणालास, "नाही होत. कसंही केलं तरी नाही होत."

"मी काय सांगत होतो तुला," मी म्हटलं.

"पहिल्या वेळी कसा निघाला मग?"

"पहिल्या वेळी माझा हात बसला नव्हता."

दुसऱ्या दिवशी वहिनी मला म्हणाल्या, काल ह्यांना बऱ्याच दिवसांनी गाढ झोप लागली. मी मनात म्हटलं, झालं आपलं काम. खोटं खेळलो तर खेळलो. घरी येऊन मासळी खाल्ली आणि मीही झोपलो.

त्यानंतर तू सुटलास रे! काय खेळायला लागलास! पुढून पण मारायला लागलास. "हरेश, रेडिएटर गेला!" असं ओरडून खिदळायचास. प्रज्ञानेच मग डोंबिवलीच्या त्या गेम पार्लरचं सांगितलं. रविवारी दुपारी ठोकाठोकीची स्पर्धा आहे, तुमचं दोघांचं नाव टाकते. मी म्हटलं, वेडी झालीस का, तिथे सगळी पोरंटोरं असणार. तू म्हणालास, "टाक."

मी पहिल्या फेरीत बाद झालो. माझं सोड. मी प्रत्येक गाडी कशी वाकते तेच बघत बसलो आणि मागून कोणीतरी उडवलं. पण तू! तू चष्मा पुसून, शर्टाची बाही दुमडून खुर्चीत बसलास, अगदी ड्युटीवर बसावं तसा. शेजारच्या पोराने विचारलं, "काका, ये पहली बार है क्या?" तू म्हणालास, "हो बाळा." आणि तीन मिनिटांत त्याच पोराची गाडी भिंतीत घातलीस.

तू लोकांना ओळखत होतास. हे मला तिथे कळलं. पडद्यावरच्या गाडीचं चाक जरा वळलं की ही कुठून घुसणार ते तुला आधी दिसायचं. इतकी वर्षं रोज हजार लोक तुझ्यासमोर घुसत आले, ते सगळं त्या दिवशी कामाला आलं. एक लाल गाडी तुझ्यावर आली, तू फक्त एक हात सरकलास, ती थेट दुसऱ्या गाडीत. दोन बाद, तुझ्या गाडीला काही नाही! पार्लरमध्ये आरडाओरडा. मागची पोरं उठून तुझ्या खुर्चीभोवती आली. "काका, काका!" मी पण ओरडत होतो, घसा बसला माझा. सेमीफायनलला तुझं एक चाक निखळलं आणि तीन चाकांवर फिरत फिरत तू शेवटच्या गाडीला रिव्हर्समध्ये मारलंस. मी अनोळखी पोराला मिठी मारली.

फायनलला उरलात दोघं. तू आणि निळ्या गाडीवाली ती मुलगी, दोन वेण्या, च्युइंगम चघळणारी. तिच्या बोनेटमधून धूर. तुझी डिकी मागच्या सीटपर्यंत आत आलेली. एक धक्का, ज्याचा आधी बसेल तो जिंकला. तू लांबून सरळ वेग घेतलास, आणि ती डावीकडून आडवी आली, पूर्ण बाजू उघडी टाकून. दरवाज्यावर मारलं असतंस तर संपलं होतं! सगळी पोरं एका सुरात "मार!" ओरडली.

आणि तू उजवीकडे ओढलीस.

तिच्या गाडीला केसाइतकंही न लागता तू पुढून निघून गेलास आणि भिंतीवर आदळलास. रेडिएटर गेला. इंजिन बंद. दुसरा नंबर.

ती मुलगी वळून तुझ्याकडे बघत राहिली. "काका, मला सोडलं का तुम्ही?"

"सोडलं नाही गं," तू म्हणालास. "वळवलं."

मी स्टेशनपर्यंत तुला शिव्या घातल्या. आठवतं? फडके रोडवर लोक बघत होते. "जिंकलेला होतास तू! जिंकलेला! कशाला वळवलीस?" आणि तू वडापाव खात नुसता हसत होतास. तोंडात घास, मिशीला चटणी. "वळली ना पण," एवढंच. "हरेश, वळली की नाही?"

मी तुला अजून माफ केलेलं नाही. त्या ट्रॉफीवर तुझं नाव हवं होतं. हेच ते अर्धं भांडण.

पण मिलिंद, त्या रात्री घरी गेल्यावर मला कळायला लागलं की तू काय करून बघितलंस, आणि मला भीती वाटली. कारण वळली, म्हणजे वळू शकते. मी चाळीस वेळा जे बंद केलेलं ते त्या वेण्यांवाल्या मुलीने एका झटक्यात उघडलं.

बुधवारी तू गॅरेजवर आलास. एक पांढरी गाडी तयार होऊन उभी होती, रंग सुकलेला, ट्रायल घ्यायची होती. तू बाकड्यावर बसला नाहीस. हात पुढे केलास. "चावी दे."

मी बघतच राहिलो. चावी दिली आणि शेजारी बसलो. तू सीट पुढे घेतलीस, आरसा नीट केलास, दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून जरा वेळ तसाच बसलास. मग पहिला गिअर. कल्याणच्या पुलावरून निघालो तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. काय हात होता रे तुझा! खड्डा आला तर पाणीसुद्धा हललं नसतं ग्लासातलं. मी खिडकी खाली करून एका रिक्षावाल्याला उगाच हात केला. मला कोणाला तरी सांगायचं होतं, बघा, मिलिंद गाडी चालवतोय!

टिटवाळ्याला नव्या बिल्डिंगांच्या रांगेत तू गाडी बाजूला घेतलीस. समोर मोबाईलच्या कव्हरांचं एक छोटं दुकान.

"तो आहे," तू म्हणालास.

तेव्हा मला कळलं की त्या बाईकवाल्या पोराचा पत्ता तुझ्याकडे पहिल्यापासून होता. दहा मिनिटं आपण गाडीतच बसलो. मग तू उतरलास. मी काचेतून बघत होतो. तो पोटमाळ्याची शिडी चढून वर गेला, डबा घेऊन खाली आला, तुझ्या फोनला कव्हर लावून दिलं, काहीतरी बोलून हसला. तू परत आलास.

"सांगितलंस कोण ते?"

"नाही."

"मग?"

"शिडी चढला रे. दोन्ही पायांनी नीट." तू हिरव्या रंगाचं ते कव्हर माझ्या हातात दिलंस, जसं काही मी ते तपासून पास करायचं होतं. तुझे डोळे भरलेले आणि तोंडभर हसू.

परतीच्या वाटेवर, शहाडच्या आधी, तू समोर बघतच म्हणालास, "मला वाटतं निघाला असता तो. नेहमी नाही. एखाद्या वेळी."

मी हातातलं कव्हर उलटंसुलटं करत बसलो.

"तू जोरात येत होतास ना?"

"नाही," मी म्हटलं.

"बरं," म्हणालास, आणि पुढच्या वळणावर गाडी वळवलीस.

मिलिंद, मी तुझ्याशी खोटं बोललो. तू मला विचारलंस, तोंडावर, आणि मी तुझ्या शेजारी बसून खोटं बोललो. मला वाटलं पुढच्या आठवड्यात सांगू. असं काय घाईचं आहे? नवव्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला. चहा ठेवायला सांगून तू खुर्चीत बसलेलास, चहा येईपर्यंत गेलेलास.

होय. येत होतो मी जोरात. चाळीस वेळा.

हे मी काल वहिनींना सांगितलं. मला राहवेना. तुझा फोन टेबलावर होता, हिरव्या कव्हरातला, आणि मी रडायला लागलो आणि सगळं सांगून टाकलं. पहिली वेळ, दुसरा खांब, बटण, सगळं. वहिनींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना माहीत होतं."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. रात्री जेवताना मला म्हणाले, हरेश माझ्यासाठी गाडी जोरात आणतो. मी म्हटलं, मग बोलत का नाही त्यांना? तर म्हणाले, असू दे. चाळीस वेळा माझ्या बसखाली आला तो. असा मित्र कोणाला आहे?"

म्हणजे तू त्या रात्री गाढ झोपलास ते माझ्या खोट्यामुळे नाही. साल्या, तू आख्खा महिना मला गप्प बसून खेळवलंस! आणि मी इथे अपराधी तोंड घेऊन फिरतोय. मी रडता रडता हसायला लागलो, वहिनी पण हसल्या. प्रज्ञा आतून आली, तिला कळेना काय चाललंय.

मग वहिनींनी पदर खोचला आणि सोफ्यावर तुझ्या जागेवर बसल्या. म्हणाल्या, "मला शिकवा ते."

"काय?"

"तेच तुमचं. ठोकायचं. इतकी वर्षं नुसता आवाज ऐकला स्वयंपाकघरातून."

प्रज्ञाने टीव्ही लावला. वहिनींनी बस घेतली. दुसरं काही घ्यायलाच तयार नाहीत. मी छोटी लाल गाडी घेतली, आणि सांगायला लागलो की वहिनी, पुढे रेडिएटर असतो, पुढून मारायचं नाही, रिव्हर्स घ्या. त्या ऐकतायत कुठे! त्यांनी बटण पूर्ण दाबलं आणि आख्खी बस माझ्यावर समोरून आणली. माझं बोनेट छतापर्यंत दुमडलं. वहिनी सोफ्यावरून उठून उभ्या राहिल्या आणि इतक्या जोरात ओरडल्या की खालच्या मजल्यावरच्या बाई वर बघायला आल्या. पंधरा दिवसांत त्या घरात पहिल्यांदा कोणीतरी ओरडलं.

"परत!" वहिनी म्हणाल्या.

मग मी रिमोट घट्ट धरला आणि पळालो. खरा पळालो मिलिंद, गाडीत होता नव्हता तेवढा जोर लावून. डावीकडे गेलो, उजवीकडे गेलो, खांबामागून फिरलो, काही म्हणजे काही सोडलं नाही. तरी त्यांनी मला कोपऱ्यात गाठलंच.